शिडाच्या प्रवासी नौकेवरील रनिंग बॅकस्टे: केव्हा लावावेत, किती ताणावेत, दोर कोठवर आणावा?

मतलई

माझी नौका सुमारे ११ मीटर लांबीची आणि कटर पद्धतीची आहे. डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंत, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापर्यंत, येणाऱ्या मुख्य फोरस्टे या तणाव्याखेरीज तिला आतल्या बाजूस आणखी एक फोरस्टे आहे आणि त्यावर स्टेसेल हे लहान शीड चढते. हा आतला फोरस्टे डोलकाठीला तिच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर पकडतो आणि तेथून तिला पुढे ओढतो. त्याच जागेवरून मागे, दोन्ही बाजूंस एकेक, असे दोन सैल करता येणारे तणावे येतात. हेच रनिंग बॅकस्टे. आपण सगळे त्यांना नुसते रनर म्हणतो.

आपल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ कटर नौकांवर हे रनर वर्षानुवर्षे श्राउडला, म्हणजे डोलकाठीच्या बाजूच्या स्थिर तणाव्याला, बांधून ठेवलेले दिसतात. ‘ते शर्यतीच्या नौकांसाठी असतात, आपल्याला काय करायचे आहेत’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. मला हे मुळातच चुकीचे वाटते. शर्यतीत रनरचा उपयोग वेग वाढवण्यासाठी होत असेल; प्रवासी नौकेवर त्यांचे काम डोलकाठी उभी ठेवण्याचे आहे, आणि ज्या दिवशी त्यांची गरज पडते त्या दिवशी ते नव्याने बांधत बसायला सवड नसते.

मुंबईहून गोव्याकडे जाताना ही गोष्ट लक्षात येत नाही. मोसमात दुपारी वायव्येकडून येणारे खारे वारे पाठीशी असतात आणि स्टेसेलची फारशी गरजच पडत नाही. परतीच्या वाटेवर तेच वारे समोरून येतात. एखाद्या खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी त्या वाऱ्याला भिडले की लाट आखूड आणि उभी होते. अशा वेळी मुख्य शीड दोनदा आखडलेले, म्हणजे दोन टप्प्यांनी लहान केलेले, असते, पुढे स्टेसेल असते आणि नाळ प्रत्येक लाटेनंतर खाली आपटते. तेव्हा डोलकाठीच्या बुंध्याशी उभे राहून, शीड ज्या खाचेत सरकते त्या डोलकाठीच्या खाचेतून वर पाहावे. मधला भाग पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. पूर्ण मुख्य शीड वर असताना हा प्रकार बराच कमी असतो, कारण शिडाची मागची ताणलेली कड आणि मेनशीट हा मुख्य शिडाचा ओढदोर डोलकाठीला मागे धरून ठेवतात. शीड आखडल्यावर त्याचे डोके आतल्या फोरस्टेच्या जोडाखाली उतरते आणि तो आधार नाहीसा होतो. म्हणजे वारा वाढला की आधाराची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच शिडाचा आधार सुटतो.

मला तीन बाबींवर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. रनर तारेचे असावेत की डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोराचे? त्यांची खालची चेनप्लेट, म्हणजे त्यांना नौकेशी जोडणारी पट्टी, किती मागे असावी? आणि ताण पुरेसा आहे हे कसे ठरवावे?

सोलेंटकर

मी साउदॅम्प्टनला राहतो आणि इथल्या खाडीत कटर व फ्रॅक्शनल (म्हणजे फोरस्टे डोलकाठीच्या टोकाच्या खाली जोडलेल्या) अशा दोन्ही प्रकारच्या नौका चालवतो. आपल्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु चर्चा पुढे जाण्याआधी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण तो न केल्यास कोणी तरी दुसऱ्याच्या नौकेचा सल्ला स्वतःच्या नौकेला लावेल.

काही नौकांवर रनर हा पूरक आधार असतो. आपली नौका अशीच दिसते: डोलकाठीच्या टोकापासून मागे येणारा स्थिर बॅकस्टे आहे, त्यामुळे रनर सैल राहिला तरी डोलकाठी लगेच पडत नाही, तिचा मधला भाग तेवढा वाकतो. याउलट जुन्या शर्यती घडणीच्या फ्रॅक्शनल नौकांवर, जेथे स्प्रेडर, म्हणजे श्राउडना डोलकाठीपासून दूर धरणारे दांडे, सरळ बाजूला निघालेले असतात, तेथे फोरस्टेला तोलून धरणारी मुख्य गोष्ट रनर हीच असते. अशा नौकेवर शीड मागून दुसऱ्या बाजूला फिरताना नवा रनर वेळेवर ताणला गेला नाही, तर डोलकाठी पुढे जाऊ शकते. तिसरा प्रकार आजच्या बहुतांश कारखानी प्रवासी नौकांचा. त्यांचे स्प्रेडर २० अंशांहून अधिक मागे वळवलेले असतात, त्यामुळे बाजूचे श्राउडच मागचा आधारही देतात. लार्स बर्गस्ट्रॉम आणि स्वेन रिडर या स्वीडिश जोडीच्या पद्धतीत तर स्प्रेडर जवळजवळ ३० अंश मागे असतात आणि बॅकस्टे अजिबात नसतो. त्याची किंमत वारा पाठीशी असताना मोजावी लागते: मुख्य शीड पूर्ण बाहेर सोडता येत नाही, ते स्प्रेडरवर घासते.

शीड मागून फिरवण्याचा क्रम मी प्रत्येक नव्या सोबत्याकडून नौका धक्क्याला असतानाच म्हणून घेतो. आधी मेनशीट ओढून बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, मध्यावर आणायचा. मग दोन्ही रनर लावायचे. मग सुकाणू फिरवायचे. बूम पलीकडे गेला की वाऱ्याआडचा रनर सोडायचा आणि त्यानंतरच मेनशीट ढिली करायची. शेवटच्या दोन गोष्टींची अदलाबदल झाली तर बूम ताणलेल्या रनरवर जाऊन आदळतो.

तुळई

पेशाने मी संरचना अभियंता आहे. डोलकाठी हा दाबाखालचा खांब आहे एवढे लक्षात घेतले तर रनरचे महत्त्व गणितातूनच दिसते. ऑयलरच्या सूत्रानुसार खांब वाकून मोडण्याचा भार त्याच्या आधाराविना असलेल्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मध्यावर पक्का आधार दिला आणि आधाराविनाची लांबी निम्मी झाली, तर तोच खांब चौपट भार सोसतो. प्रत्यक्ष डोलकाठी आदर्श खांब नसते आणि खालचे श्राउडही तिला काही आधार देतात, म्हणून चौपट हा आकडा शब्दशः घेऊ नये. पण दिशा तीच आहे.

दुसरी गोष्ट थकव्याची. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचे ताण कितीही वेळा आले तरी ते टिकते. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. लहान ताणसुद्धा पुरेशा वेळा आला की तडा सुरू होतो, आणि तो बहुधा एखाद्या रिव्हेटच्या छिद्रापासून किंवा कापलेल्या खाचेच्या कोपऱ्यापासून सुरू होतो. डोलकाठी पुढेमागे डोलत असेल तर ती आज मोडणार नाही. परंतु तिचे आयुष्य त्या दुपारी खर्च होत असते.

आता चेनप्लेटच्या जागेविषयी. समजा, आतल्या फोरस्टेत ५०० किलोचा ताण आहे आणि तो डोलकाठीशी २५ अंशांचा कोन करतो. त्याची पुढे ओढणारी बाजू सुमारे २११ किलो होते. ती सर्वस्वी रनरनेच तोलायची असे धरू. रनरचा डोलकाठीशी कोन २० अंश असेल तर त्यात सुमारे ६१७ किलोचा ताण येईल. कोन १५ अंश असेल तर ८१५ किलो, आणि १० अंश असेल तर १,२१५ किलो. हा ताण नुसता रनरमध्ये राहत नाही, तो जवळजवळ तेवढाच दाब होऊन डोलकाठीत उतरतो. म्हणून चेनप्लेट जितकी मागे नेता येईल तितकी न्यावी. कॉकपिटच्या पुढे, श्राउडपासून हातभर अंतरावर लावलेले रनर मी पाहिले आहेत. ते मदतीपेक्षा दाबच अधिक देतात. चेनप्लेट मागे नेताना तिच्याखाली काय आहे तेही पाहावे. डेकच्या नुसत्या फायबरवर बोल्ट मारून भागणार नाही, भार हलच्या (नौकेच्या कवचाच्या) बाजूपर्यंत किंवा एखाद्या बल्कहेडपर्यंत (आतल्या आडव्या भिंतीपर्यंत) पोहोचला पाहिजे.

एकटा_सुकाणूवर

मी बहुतेक वेळा एकटाच नौका नेतो आणि माझे मत वेगळे आहे. प्रत्येक वळणावर एक रनर सोडा, दुसरा ताणा, त्यात स्टेसेलचा आणि जिब या पुढच्या शिडाचा ओढदोर, त्यात सुकाणू; रात्री थकलेल्या माणसाने यातले एक पाऊल चुकवले की आधाराचेच संकट होते. म्हणून मी आतला फोरस्टे काढून टाकला आणि त्याऐवजी डोलकाठीच्या टोकाच्या अगदी खाली जोडलेला सोलेंट स्टे घेतला. तो इतका वर आहे की त्याचा ताण स्थिर बॅकस्टेच तोलून धरतो. रनरची गरजच उरली नाही. जी वस्तू नौकेवर नाही, ती विसरलीही जात नाही.

मतलई

आपला आक्षेप रास्त आहे आणि सोलेंट स्टे ही खरोखर चांगली व्यवस्था आहे. तरी मी ती घेणार नाही, त्याची कारणे सांगतो. सोलेंटवरचे शीड मुख्य फोरस्टेच्या जवळच असते, त्यामुळे वादळी वाऱ्यात शिडाचा जोर पुढे आणि उंचावर राहतो. स्टेसेल खाली आणि मागे असते; त्याच्यासोबत तीनदा आखडलेले मुख्य शीड लावले की नौका सुकाणूवर हलकी होते आणि कमी कलते. शिवाय पुढचे मोठे जिब वळणाच्या वेळी त्या दोन तारांमधल्या अरुंद फटीतून न्यावे लागते. माझ्या नौकेवरही ही अडचण आहे, परंतु आतला फोरस्टे सोडून श्राउडपाशी बांधून ठेवता येत असल्यामुळे हलक्या वाऱ्यात मार्ग मोकळा राहतो.

प्रत्येक वळणावर रनर हाताळावे लागतात, हे मात्र माझ्या नौकेवर खरे नाही. मुख्य शीड पूर्ण असते तेव्हा स्टेसेल क्वचितच वर असते आणि रनर श्राउडपाशी बांधलेले असतात. शीड खोलवर आखडले की त्याची मागची कड रनरच्या रेषेच्या पुढे येते, आणि वाऱ्याविरुद्ध जाताना दोन्ही रनर लावलेले ठेवूनच नौका वळवता येते. हे प्रत्येक नौकेवर जमेलच असे नाही. चेनप्लेट आणि बूमचे टोक यांच्या जागांवर ते अवलंबून आहे, म्हणून शांत पाण्यात शीड आखडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे. त्रास खरा होतो तो वारा बाजूने किंवा मागून घेऊन जाताना, कारण तेव्हा वाऱ्याआडचा रनर सोडावाच लागतो.

रेवदंडा_बंदर

आमच्या घरात मचवे आणि गलबते बांधली गेली आहेत, म्हणून या चर्चेत एक गोष्ट जोडतो. आडव्या परबाणावर, म्हणजे शीड धरणाऱ्या लांब वाशावर, त्रिकोणी शीड लावणाऱ्या आपल्या जुन्या गलबतांवर बाजूचे तणावे कायमचे कसलेले कधीच नसत. ते कप्प्यांवर असत. वाऱ्याकडचे ताणायचे, वाऱ्याआडचे सैल सोडायचे, आणि नौकेने बाजू बदलली की तणाव्यांचीही बदलायची. डोलकाठी पुढे झुकलेली असे, आणि परबाण वर चढवण्याचा जाड दोर कप्प्यांतून मागे आणून बांधला की तोच बॅकस्टेचे काम करी. परबाणाचे वजन आणि शिडाची ओढ जितकी जास्त, तितका तो दोर डोलकाठीला मागे जास्त खेचे. गलबत वळवण्याच्या वेळी तांडेलाच्या हाकेसरशी कोणी कुठल्या तणाव्याला हात घालायचा, हे खलाशांना आधीच ठाऊक असे. या किनाऱ्यावर सैल-ताठ करायचे तणावे ही नवी किंवा परकी गोष्ट नाही.

सोलेंटकर

रेवदंडा बंदर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. परबाणाचा दोर मागे बांधण्यातली ती युक्ती यांत्रिकदृष्ट्या फारच सुंदर आहे: भार वाढला की आधार आपोआप वाढतो. आपल्याकडे जुन्या गलबताच्या कप्प्यांची छायाचित्रे किंवा रेखाटने असल्यास कृपया वेगळा धागा काढावा.

कप्पी_आणि_तार

मी रिगिंगचेच काम करतो, म्हणून तार की दोर या पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो.

स्थिर तणाव्यांसाठी १×१९ विणीची (१९ तंतूंची) ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाची तार आजही चांगली आहे. रनरसाठी मात्र मी गेली अनेक वर्षे डायनीमा सुचवतो. तारेचा सैल सोडलेला रनर शिडावर, बूमवर आणि माणसांच्या डोक्यावर आपटतो. डायनीमाचा दोर पाण्यापेक्षा हलका असतो, हाताला मऊ असतो आणि श्राउडपाशी गुंडाळून बांधता येतो. ६ मिलिमीटरची तार साधारण पावणेतीन ते तीन टनांना तुटते. त्याहून अधिक मजबूत डायनीमा दोर ७ मिलिमीटरमध्ये सहज मिळतो. तरी जाडी निवडताना तुटण्याच्या मर्यादेपेक्षा ताणाखाली तो किती लांबतो याकडे पाहावे, आणि दोर सतत भाराखाली राहणार असेल तर एसके-७५ ऐवजी एसके-७८ किंवा त्यापुढची प्रत घ्यावी, कारण एसके-७५ दीर्घकाळच्या भाराखाली हळूहळू वाढत जाते.

या दोराला गाठ मारू नये. तो इतका गुळगुळीत असतो की गाठ सरकते, आणि सरकली नाही तरी गाठीपाशी त्याची निम्म्याहून अधिक ताकद जाते. दोराचे टोक त्याच्याच पोकळीत खुपसून स्प्लाइस करावे. आत गेलेला भाग दोराच्या व्यासाच्या सुमारे ७० पट लांब असावा आणि त्याचे टोक हळूहळू निमुळते करावे. ७ मिलिमीटरच्या दोराला म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर. पुष्कळांना हे जास्त वाटते, पण सैल असताना हलणारा रनर आखूड स्प्लाइस हळूहळू बाहेर काढतो, म्हणून वरून शिवणही घालावी.

दोराचे शत्रू तीन: ऊन, घासणे आणि धारदार कड. आपल्या अक्षांशांवरचे ऊन लक्षात घेऊन आवरण असलेला दोर घ्यावा किंवा उघड्या भागावर खोळ चढवावी. डोलकाठीवरच्या टँगमध्ये (जोडपट्टीत) दोर थेट ओवू नये, मोठ्या व्यासाचा थिंबल (खाचेचे कडे) वापरावा. तापमानाचा एक परिणामही सांगून ठेवतो: ॲल्युमिनियम उन्हात प्रसरण पावते आणि डायनीमा उलट किंचित आकसतो. डायनीमाचे स्थिर श्राउड असलेल्या नौकेवर याचा विचार करावा लागतो. रनर मुळातच जुळवता येत असल्यामुळे येथे ती अडचण नाही.

ज्यांच्याकडे तारेचे रनर आहेत त्यांनी खालच्या स्वेजकडे, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या नळीकडे, लक्ष द्यावे. खारे पाणी तारेवरून ओघळत तेथेच साचते, आणि स्टेनलेस पोलाद हवेविना साचलेल्या खाऱ्या पाण्यात आतून कुजते. स्वेजच्या तोंडाशी तपकिरी डाग किंवा एखादा तुटलेला तंतू दिसला की ती तार गेली असे समजावे.

मतलई

आवरणाचा दोर घेण्याचे मी ठरवले आहे. आता खालच्या टोकाविषयी विचारतो: माझ्याकडे सध्या सहापदरी कप्प्यांची जोडणी आहे. ती पुरेशी आहे का?

तुळई

वरच्याच आकड्यांवर पाहू. रनरमध्ये ८१५ किलोचा भार असेल तर सहापदरी कप्प्यांवर हाताला सुमारे १३६ किलोची ओढ लागते, आणि घर्षण धरून त्याहूनही अधिक. डोलणाऱ्या डेकवर ती माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. याउलट रनरच्या टोकाला एक कप्पी बांधून दोर दुपदरी केला आणि तो ४०:१ ताकदीच्या विंचवर (हँडलने फिरवून दोर ओढणाऱ्या पिंपावर) आणला, तर विंचवर ४०८ किलो आणि हँडलवर घर्षण धरून १५ किलोंच्या आसपास जोर लागतो.

कप्पी_आणि_तार

गणित बरोबर आहे, पण पद्धत बदलली तर सहापदरी कप्प्याही चालतात. रनर आधी लावायचा, स्टेसेल नंतर ताणायचे. भार नसताना रनर हाताने कसून क्लीटवर (दोर अडकवण्याच्या खुंटीवर) घेतला की शिडाची ओढ आल्यावर तो स्वतःच ताठ होतो. आधी शीड ताणून मग रनर ओढायला गेलेला माणूस हरणारच. तरीही दुय्यम विंच जवळ असेल तर दोर तिच्यावरच आणावा. जुन्या नौकांवर रनर ताणायला पितळी तरफा असत. त्या एका झटक्यात लागतात आणि सुटतात, पण त्यांचा ताण एकाच मापाचा असतो, आणि त्यात हाताचे बोट सापडले तर ते जायबंदी होते.

ताण किती, हा प्रश्न राहिला. स्थिर तारेसाठी एक सोपी मोजपट्टी आहे: १×१९ तारेच्या २ मीटर लांबीत १ मिलिमीटर वाढ झाली म्हणजे ती तिच्या तुटण्याच्या मर्यादेच्या ५ टक्के ताणावर आहे. डायनीमाला हे माप लागू नाही. रनरसाठी मी डोळ्यांवर विसंबतो. डोलकाठीच्या बुंध्याशी डोके टेकवून शिडाच्या खाचेतून वर पाहावे. मधला भाग सरळ किंवा अगदी किंचित पुढे असावा आणि लाटेत तो जागचा हलू नये. तो मागे गेलेला दिसला तर रनर जास्त ताणला आहे, तत्काळ सैल करावा. मागे उलटा वाकलेली डोलकाठी ही पुढे डोलणाऱ्या डोलकाठीपेक्षा अधिक धोक्याची असते.

एकटा_सुकाणूवर

स्थिर बॅकस्टेवर हायड्रॉलिक ॲडजस्टर (ताण कमी-जास्त करणारे साधन) बसवला तर रनरचे काही काम त्याने होईल का? मला पुढच्या फोरस्टेची झोळ कमी करायची आहे.

कप्पी_आणि_तार

झोळ कमी होईल, मधला आधार मिळणार नाही. टोकापर्यंत फोरस्टे असलेल्या डोलकाठीवर बॅकस्टे ताणला की ताण मुख्यतः फोरस्टेत जातो, जिब सपाट होते आणि नौका वाऱ्याच्या अधिक जवळ जाते. उलट खांबावरचा दाब वाढतो, म्हणजे मधल्या आधाराची गरज वाढतेच. ॲडजस्टर बसवलाच तर तारेच्या मर्यादेच्या एक-तृतीयांशापलीकडे जाऊ नये, दोन्ही टोकांना टॉगल (वळणारे जोड) द्यावेत आणि नांगर टाकल्यावर ताण उतरवावा. नौकेच्या हलला रात्रभर धनुष्यासारखे ओढून ठेवण्यात काही लाभ नाही.

दक्षिण_महासागर_वाचक

२०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि तिच्यावरचे भारतीय नाविक अभिलाष टॉमी गंभीर जखमी झाले. मधला आधार चांगला असता तर ती वाचली असती का?

सोलेंटकर

या घटनेवरून रनरविषयी निष्कर्ष काढू नये, असे मला आग्रहाने वाटते. ती नौका वादळात पूर्ण उलटी झाली होती. उलटलेल्या नौकेची डोलकाठी पाण्यातून ओढली जाते आणि त्या बाजूच्या भारासाठी कोणतीही प्रवासी डोलकाठी आखलेली नसते. टॉमी यांनी पुढे २०२२-२३ च्या त्याच शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, हे येथे नोंदवतो.

आपल्या विषयाला खरोखर लागू पडणारी घटना त्याच २०१८ च्या शर्यतीतली आहे. जाँ-ल्यूक व्हान दन हीद हे आघाडीवर असताना पॅसिफिकमध्ये त्यांची रस्टलर ३६ नौका आडवी झाली, आणि खालचे श्राउड डोलकाठीला जेथे जोडलेले असतात तेथला बोल्ट डोलकाठीचे ॲल्युमिनियम फाडत काही सेंटिमीटर खाली सरकला. म्हणजे मधलाच आधार सैल झाला. त्यांनी भर समुद्रात वर चढून ती जोडणी दोरांनी आवळली, पुढचा केप हॉर्नसह सारा प्रवास शिडे कमी ठेवून केला आणि जानेवारी २०१९ मध्ये शर्यत जिंकली. डोलकाठीच्या टोकाचे सगळे आधार शाबूत असतानाही मधला एक जोड हलला तर अनुभवी माणूस किती सावध होतो, ते यात दिसते.

मतलई

सर्वांचा आभारी आहे. येत्या पावसाळ्यात नौका पाण्याबाहेर काढली की पुढील काम करणार आहे. चेनप्लेट सध्याच्या जागेहून मागे, कॉकपिटच्या मागील कोपऱ्यापाशी नेणार आणि तिच्याखाली हलच्या बाजूला लॅमिनेट केलेली पट्टी देणार. रनर आवरणासह ७ मिलिमीटरच्या डायनीमाचे, खाली दुपदरी कप्पी, दोर दुय्यम विंचवर. न लागणारे रनर श्राउडच्या खालच्या टोकाशी हुकाने अडकवून रबरी दोराने ताठ ठेवणार, म्हणजे ते वाजणार नाहीत. मुख्य शिडाच्या दुसऱ्या रीफच्या (आखडण्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या) दोरावर लाल खूण शिवणार आहे: तो दोर ओढणाऱ्याने त्याच फेरीत वाऱ्याकडचा रनरही लावायचा, मग स्टेसेल तेव्हा चढलेले असो वा नसो.

तुळई, चेनप्लेटच्या पट्टीची जाडी आणि लांबी ठरवण्यासाठी हलच्या त्या भागाचे माप आणि फायबरची जाडी मी नौका बाहेर काढल्यावर येथेच लिहीन.

तुळई

अवश्य लिहा. बोल्टची छिद्रे पाडण्यापूर्वी डेकच्या आत बाल्सा (हलके लाकूड) आहे की भरीव फायबर, तेही तपासा. बाल्सा असेल तर छिद्राभोवतीचा तेवढा भाग खरवडून इपॉक्सीने भरल्याशिवाय बोल्ट कसू नका.